फाटकावरच्या जीपांचे दिवे

झेंडूच्या वासात जळक्या प्लास्टिकचा वास मिसळला की मला आमच्या डोंगरकडा गावचा तो बागायतदार आठवतो. माझ्या बापानं त्याच्याकडं सालगडी म्हणून उमर काढली, आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर, तोही फिजिक्सचा. त्याच्या लेकानं परदेशातून खेळण्यातली रेल्वे पाठवली होती. टेबलभर रूळ, एक फाटक आणि फाटकाशी थांबलेल्या बोटाएवढ्या जीपा. त्यांत तिळाएवढे दिवे बसवायला त्यानं मला बोलावलं. केसासारख्या तारा जीपांच्या पोटातून टेबलाखाली नेताना माझे डोळे दुखून आले. "पाहुण्यायला सांगतो, आपल्या गावच्या ग्रॅज्युएटनं केलं म्हून," असं तो म्हणाला होता, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. दसऱ्याला पाहुणे जमले, खिडक्या लावल्या, दिवे लागले. "काय फिटिंग आहे हो!" एक पाहुणा म्हणाला. "तिकडूनच बसवून आलेत," हा मिशीवर बोट फिरवत म्हणाला. मी दाराशीच उभा होतो. मग त्याला वाहनपूजा सुचली. खऱ्या ट्रॅक्टरवर टाकावं तसं तांब्यातलं पाणी त्यानं चालू जीपांवर आणि शेजारच्या अडाप्टरवर शिंपडलं. चर्र झालं, धूर निघाला, सगळं विझलं. "अरे सालगड्याच्या पोरा, काय करून ठेवलं हे?" तो सगळ्यांदेखत ओरडला. "मी काहून, मालक? दिवे तिकडून आले ना? मग दुरुस्तीला तिकडंच धाडा," असं म्हणून मी चपला घातल्या. आजही दसऱ्याला मोटारसायकलीवर पाणी शिंपडायच्या आधी मी चावी काढून घेतो. त्या माणसाला तेवढी अक्कल नव्हती, मिशी मात्र होती.