हललेला वरवंटा

"आलं का गं तुझं पन्नास?" आमचे हे रोज सकाळी स्टुडिओचं शटर वर करताना विचारायचे आणि रोज माझ्या डोक्यात तिडीक जायची. विचारायचं काही कारण नव्हतं. आलं असतं तर जिल्हाभरातल्या फोटोग्राफरांनी ग्रुपवर ढोल बडवले असते. पण नवरा म्हणजे काय, जिथं दुखतं तिथंच बोट.

पन्नास म्हणजे कॅमेऱ्याचं पन्नास एमएमचं भिंग. झूम नाही, वजन नाही, मुठीत मावतं, आणि अंधाऱ्या खोलीतही फोटो देतं. माझं निम्मं आयुष्य त्या एका भिंगावर गेलं. कंपनीनं त्यात एकच गोष्ट घालायची ठेवली होती, स्टॅबिलायझर. म्हणजे काढणाऱ्याचा हात जरासा हलला तरी फोटो हलू न देणारी आतली सोय. उसाच्या मोळीएवढ्या जड झूम भिंगांत ती घातली, ज्यांना गडी माणूससुद्धा धड उचलू शकत नाही. आमच्या पन्नासाला मात्र नाही! का? तर म्हणे गरज नाही. अरे, कुणाला गरज नाही? मला विचारलंत का?

मला गरज होती, कारण मी बारशांचे फोटो काढते. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला आमचा स्टुडिओ. लग्नं ह्यांच्याकडे, डोहाळजेवणं आणि बारशी माझ्याकडे, कारण बायांच्या खोलीत बाईच बरी. तिथं फ्लॅश चालत नाही. एकदा चुकून उडाला तर बाळाच्या पणजीनं मला सगळ्यांसमोर झापलं होतं, "ए बाई, त्यो लखाखा नगं मारू लेकराच्या डोळ्यावर! आंधळं करती का काय?" तेव्हापासून कानाला खडा. मग उरतं काय, तर एक खिडकी, तिच्यासमोर पदर पसरून उभ्या वीस बाया, आणि माझा हात.

तो हात तीन वर्षांपूर्वी कापायला लागला. श्रीरामपूरचे डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं काही नाही, घराण्यात असतं एकेकाच्या. काही धरायला गेलं की जास्त जाणवेल." काही धरायला गेलं की! मी दिवसभर कॅमेराच धरते, हे त्यांना काय सांगायचं? तेव्हापासून लोकांत चहा प्यायचा तर अर्धाच कप घ्यायचे.

हे मला डॉक्टरांच्या आधी वरवंट्यानं सांगितलं होतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात. बाया त्याला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याखालून-वरून फिरवतात, मग पायथ्याशी ठेवतात. मी पहिल्यापासून त्याचाच फोटो आधी काढून मोठा करून बघते. बाळ हलतं, पाळणा हलतो, दगड हलत नाही. दगड स्वच्छ आला तर माझं सगळं बरोबर. नेवाशाकडच्या एका बारशाला दगड हलला. परत काढला, परत हलला. मी ते फोटो तिथल्या तिथं उडवले. नंतर तशी सवयच लागली, आधी वरवंट्याचे फोटो उडवायचे आणि मग उरलेल्यांकडे बघायचं. लाज वाटते सांगायला, पण असंच केलं.

आणि वाट बघायची. ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी टाकायचं, 'पक्की बातमी, नवं पन्नास येतंय, स्टॅबिलायझरसकट.' खाली चाळीस अंगठे. पुढच्या महिन्यात कंपनी काय काढणार? आणखी एक झूम. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात! नगरचा दुकानदार तर इतक्या गोडीनं "ताई, दिवाळीपर्यंत नक्की" म्हणायचा, जणू भिंग त्याच्या माडीवरच बनत होतं. सल्ले देणारे वेगळेच. तिपाई लावा. कुठं लावू, बाळंतिणीच्या पायावर? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड ओढायची ताकद, वाढवा. वाढवला की बाळाच्या गालावर रवा सांडल्यासारखे दाणे. स्टॅबिलायझर असलेला नवा कॅमेराच घ्या. तो जड, हात आणखी कापतो. एकदा वैतागून ग्रुपवर खडसावलं, तर एकानं लिहिलं, 'नाचता येईना अंगण वाकडं.' त्या दिवशी मी फोन पिठाच्या डब्यात टाकला आणि ह्यांना तो दुपारपर्यंत शोधायला लावला.

अशातच लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सातवा महिना होता. मी मनाशी ठरवलं, नातवंडाच्या बारशापर्यंत पन्नास आलंच पाहिजे. दुसऱ्यांच्या लेकरांचे इतके पाळणे काढले, घरचा पाळणा मी काढणार नाही तर कोण? आठवा गेला, नववा गेला. कंपनीनं दोन झूम काढले. नात झाली. नाक आमच्या घरचं, रंग जावयाकडचा, आवाज मात्र माझा, सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं.

बारशाच्या चार दिवस आधी लेक म्हणाली, "आई, फोटोला मी नगरची एक मुलगी सांगितलीय."

"काय म्हणालीस?"

"तू आजी आहेस. तू बस ना निवांत."

"मला निवांत बसवायला ही काय माझी तेरवी आहे?" मी ओरडले. "बारशांचे फोटो काढण्यात हयात गेली माझी, आणि माझ्याच घरात परकी बाई कॅमेरा घेऊन फिरणार? लोक काय म्हणतील?"

ती खाली मान घालून दुपट्यांच्या घड्या करत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तुझा वरवंटा हलतो गं."

लहानपणापासून माझ्या शेजारी बसून फोटो बघितलेली पोर ती. वरवंट्याची ती परीक्षा मीच तिला शिकवलेली. मी उडवलेले फोटो तिला कुठं दिसले, ते मी विचारलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आदळली.

खरं सांगायचं तर राग फोटोचा नव्हताच. माझ्या हातांवर लेकीचा भरवसा उरला नाही, हे मला लागलं होतं. नात झाल्यापासून मी तिला उभ्यानं घेतलंच नव्हतं. मांडीवर कुणीतरी ठेवायचं, मग मी खेळवायची. मला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

बाराव्या दिवशी ती नगरची मुलगी आली. नवा कॅमेरा, त्यातच स्टॅबिलायझर, हात असा की पाण्यानं भरलेला तांब्या ठेवावा. "मावशी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," म्हणाली. मी म्हटलं, "घुगऱ्या खा." ती कोपऱ्यात उभी राहिली, खिडकी डाव्या हाताला ठेवून. मी राहिले असते तिथंच. त्याचाही रागच आला.

वरवंटा फिरला, पायथ्याशी बसला. मग बाळ. मी घुगऱ्यांच्या पातेल्याकडे सरकत होते, तेवढ्यात लेकीनं हाक मारली. "आई, समोर ये. तू घे."

"अगं, तिच्या आत्याला घेऊ दे."

"आत्या कानात नाव सांगणारच आहे. तू घे."

बाया बघत होत्या. मी पाळण्यापलीकडे उभी राहिले, हात पुढे केले आणि ते कापायला लागले. लपवायला पदर नाही, कप नाही, कॅमेरा नाही. कुणीतरी "अगं बाई" म्हणाल्याचं ऐकू आलं. "गोविंद घ्या," लेक म्हणाली आणि बाळ माझ्याकडे आलं. मी तिला छातीशी धरलं. मग नाव ठेवलं, आत्याच्या पाठीत धपाटे बसले, दंगा झाला.

बाया घुगऱ्यांवर बसल्या तेव्हा ती मुलगी माझ्याशेजारी येऊन कॅमेऱ्यात फोटो दाखवायला लागली. बायांचे चेहरे, पाळण्याची फुलं, सगळं लख्ख. एका फोटोवर तिचा अंगठा थांबला. "हा हललाय, मावशी. उडवते हं."

"थांब. मोठा कर."

तिनं केला. पायथ्याशी वरवंटा होता, टोपड्याची नाडीसुद्धा मोजून घ्यावी इतका स्वच्छ. लेकीचा चेहरा स्वच्छ. फक्त माझे दोन हात धुरकट झाले होते आणि त्यांच्यावरच्या दुपट्याची कड. मी वाट बघत होते ते पन्नास आलं असतं तरी त्यानं फोटो काढणारीचा हात सावरला असता, बाळ धरणारीचा नाही. इतकी वर्षं फोटो काढून हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

मग मला लेकीचे हात दिसले. पाळण्याच्या वर, वीतभर मागे घेतलेले, दोन्ही तळवे उघडे. ती बाळाकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडेही बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. माझे हात असे कापत असताना तिनं पोर सोडून दिली होती.

"उडवू का?" मुलीनं परत विचारलं.

"खबरदार!" मी म्हणाले. "वरवंटा बघ. फोटो बरोबर आहे."