कुंकू पुसलेली मावशी

सत्तावन्नच्या फ्लूच्या साथीतली ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितलेली नाही. लाज वाटते. बेंगळुरूच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात मी नर्स होते. खाटांमधल्या वाटेवरही अंथरुणं पडली होती, निम्म्या नर्सेस स्वतःच आजारी. उरलेल्या आम्ही अंगात कणकण घेऊन राबत होतो.

घरी आम्ही पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारे. वॉर्डात मात्र मी ते लपवायची. सिस्टर आपल्यातली आहे हे एकदा मराठी पेशंटला कळलं की पाणी, उशी, निरोप, सगळ्याला मीच. म्हणून कुणी मराठीत बोललं तरी मी कानडीत उत्तर द्यायची. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? या युक्तीचा मला चक्क अभिमान होता.

निपाणीकडची एक मावशी दाखल झाली. लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला नवऱ्याबरोबर इथल्या चिकपेटच्या कापडबाजारात आली होती आणि दोघंही तापाने फणफणली. नवरा पुरुषांच्या वॉर्डात, व्हरांड्यापलीकडे. भेटायला बंदी होती.

"बाई, आमचं मालक कसं हाईत?"

"गोत्तिल्ला." माहीत नाही, एवढंच कानडीत सांगून मी तिचं मनगट धरलं आणि छातीवर टाचलेल्या घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही. मला हायसं वाटलं. त्याच दिवशी मेट्रनबाईंनी सगळ्यांसमोर माझ्या कामाचं कौतुक केलं, आणि मी फुशारले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप बघायला वाकले, तर तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलेलं. मंगळसूत्र उशीखाली. माझ्या तोंडून मराठीच निघालं, "मावशी, हे काय केलंत? कुणी काय सांगितलं?"

"कुनी न्हाई. परवा नाडी बघताना तुमी पुटपुटत हुता, पंच्याण्णव, शहाण्णव. तवाच कळलं, तुमाला मराठी येतंय. येत असून सांगंनात, म्हंजे मालक गेलं. वाईट सांगाया तुमचं मन धजंना."

बोलणं मी बदललं होतं, पण मोजणं घरच्याच भाषेत राहिलं होतं.

मी धावत व्हरांडा ओलांडला. चाळीस पावलंही नव्हती. तो माणूस भिंतीला टेकून पेज पीत होता. "आमच्या मंडळीला उतार पडला का?" त्याने विचारलं. तोही तीन दिवस हेच विचारत होता म्हणे.

परत येऊन सांगितलं, तेव्हा ती ओक्साबोक्शी रडली. मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि माझा हात धरला.

"माझंच चुकलं, बाई. जित्या मानसाचं कुंकू पुसलं. तुमी कामात, आन् मी भलतंच मनात आणलं. माफ करा."

तेव्हा तरी खरं सांगायचं होतं. पण मोठ्या मनाने माफ केल्यासारखं मी म्हणाले, "असू दे, मावशी."