वाढत्या अंगाचं

परवा गराज आवरताना नातीचे, इराचे, जुने सॉकरचे बूट सापडले. वाळक्या गवताचा वास आला नि मी थेट पार्सिपनीच्या त्या मैदानावर जाऊन बसले बघा.

इरा तेव्हा बारा वर्षांची. एका उन्हाळ्यात ताडमाड वाढली. आदल्या वर्षी बॉल घेऊन सुळकन वळायची, आता वळताना पायात पाय अडकून पडायची. तिच्याहून लहान, बुटक्या पोरी तिला चकवून जायच्या. त्या दिवशी माझ्याशेजारी येऊन ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "आजी, आय ॲम क्विटिंग. हे पाय माझे नाहीतच."

मी ते पाय मांडीवर घेतले. म्हटलं, "अगं, आमचे परकर वाढत्या अंगाचे शिवायचे. पहिलं वर्षभर ते पायात यायचे नि आम्ही पडायचो. देवानं तुझं अख्खं अंगच तसं शिवलंय. भरशील त्यात."

"बट व्हेन?"

"शिंप्याला विचारून सांगते."

रडता रडता हसली, आणि नाड्या बांधून परत मैदानात गेली.

आता कॉलेजात खेळते. सुट्टीला आली की जिना उतरताना माझा हात धरते. "सावकाश, आजी," म्हणते. हल्ली मला माझंच अंग सैल होतं, तिचं मात्र तिला अगदी बेतून शिवल्यासारखं बसलंय.