काकांचं हत्यार

आमचं ऑफिस घरांचे नकाशे काढणारं. खंडेनवमीला सावंतकाकांनी सगळ्यांच्या कॉम्प्युटरना हळदकुंकू वाहिलं, आणि आपल्या नकाशांतल्या चुका काढतात म्हणून वर्षभर काकांशी वाद घालणाऱ्या नव्या ऋचाने चक्क त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला! मी हादरलेच. निवृत्तीला आलेल्या माणसाशी असं वागायचं?

"काका, तुमचं हत्यार राहिलं," म्हणत तिने तो पूजेत मांडला, वर झेंडूचं फूल ठेवलं.

इतकी वर्षं मी काकांच्या शेजारी बसते, मला हे सुचलं नव्हतं. हत्यार ओळखायला त्याचे घाव सोसलेले असावे लागतात की काय!

काकांनी चष्म्याकडे नेलेला हात मागे घेतला. "पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही. तू तुझ्या नकाशावरची मापं वाच."

ती वाचत गेली. काका डोळे मिटून म्हणाले, "थांब. जिना चुकलाय."