गाणं नको, खोकला लावा

सुई ओठांत धरून बोलते. कात्री कुणाला देत नाही. मागितली तर स्वतः उठून येते, कापून देते आणि कात्री घेऊन परत जाते. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय पीत नाही. हसू आलं की आधी डाव्या कानावर हात ठेवते, आतलं यंत्र पडू नये म्हणून. समोरच्याशी बोलता बोलता मध्येच "हं" म्हणते. ते "हं" आपल्यासाठी नसतं.

हे शेवटचं कळायला मला बराच वेळ लागला. तोवर मला वाटायचं, माझं बोलणं तिला पटतंय.

आमच्या कारखान्यात सोफे बनतात. ती कव्हरं शिवते. मी वेबसाइटसाठी त्या सोफ्यांची वर्णनं लिहिते. मऊपणाला मराठीत किती शब्द आहेत हे साहित्याची पदवी घेताना कधी मोजलं नव्हतं. इथे आल्यावर ते सगळे वापरून संपले. माझं टेबल तिच्या मशीनला लागून आहे. सगळे तिला ताई म्हणतात, मीही. ती मला पदवीबाई म्हणते.

तिच्या कानात नाना असतात. नाना म्हणजे तिचे वडील. सकाळी मशीनवर बसली की ती घरी फोन लावते आणि संध्याकाळपर्यंत ठेवत नाही. घरी नाना एकटेच. त्यांचा फोन खिडकीजवळच्या टेबलावर, चार्जरच्या दाव्याला बांधलेला. दोघं फारसं बोलत नाहीत. ती शिवते, ते पेपर उलटतात. लहर आली की नाना धावतं वर्णन सुरू करतात.

"उठतोय. उठलो. खिडकी उघडू का, फौजदारीणबाई?"

"उघडा."

"उघडली. वारा आत आलाय. त्याचं नाव-गाव विचारू?"

लोकांच्या घरी भिंतींना कान असतात, आमच्याकडे टेबलाला आहेत, असं ते शेजाऱ्यांना सांगतात. उंटावरून शेळ्या हाकतेस, असं तिला सांगतात. शेळी एकच आहे आणि तीही म्हातारी, हेही सांगतात.

याला कारण आहे. गेल्या वर्षी नाना न्हाणीघरात घसरले. ती संध्याकाळी घरी पोचली तेव्हा ते फरशीवरच होते. दुपारपासून. तिला बघून म्हणाले, "फरशी छान गार आहे गं, उन्हाळ्यात इथेच अंथरूण घालत जा." ती हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून दोन नियम झाले. फोन चालू राहील. आणि नाना एकटे जिना उतरणार नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

तर त्या फोनसाठी ती इअरबड्स वापरायची. स्वस्तातले, काळे. त्यांत दुपारी खरखर यायची. सकाळी नाही, दुपारीच. तिचं म्हणणं, दुपारी बॅटरी दमते. माणूस दमतो, तसं यंत्र. पुढे उजवा बड बंद पडला, मग डावा जेवणाच्या सुट्टीआधीच मान टाकायला लागला. नवे घेणं भाग होतं. मला ती सोबत घेऊन गेली, कारण मी शिकलेली आणि माझ्याकडे चांगले बड्स होते.

दुकानदाराने दोन जोड काढले. एकाची बॅटरी दिवसभर पुरणारी, आवाज मात्र डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. दुसऱ्याचा आवाज स्वच्छ, पण बॅटरी तीनच्या सुमाराला संपणार.

"ताई, हा ऐकाच," म्हणत त्याने दुसऱ्या जोडावर गाणं लावलं.

"गाणं नको," ती म्हणाली. "खोकला लावा."

"काय लावू?"

"खोकला. ओला आहे की कोरडा, ते कळतंय का बघायचंय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरच्या चार्जरच्या तारा बघू लागले.

"खोकला नाहीये आमच्याकडे," तो म्हणाला. "सतार आहे. बासरी आहे."

"मग तुम्हीच खोका की. फोन करा मला आणि त्या कोपऱ्यात जाऊन खोका."

तो गेला. बिचारा मनापासून खोकला. ती डोळे मिटून ऐकत होती.

"खोटा आहे," ती म्हणाली. "पण कळतोय."

मग वाद सुरू झाला. मी आवाजाच्या बाजूने. ऐकायला बड्स घ्यायचे आणि ऐकूच नीट येत नसेल तर बॅटरी काय चाटायची, असं मी म्हणाले. ती म्हणाली, तीन ते सहा मी काय करू? नानांना सांगू, तीनच्या आत काय ते पडून घ्या? मी म्हणाले, एक कानात, एक डबीत चार्जिंगला, असं आळीपाळीने वापर. ती म्हणाली, तसंही मी एकच कान देते, दुसरा मशीनला लागतो. टाका सुटला की मशीनचा सूर बदलतो. मग म्हणाली, पण आळीपाळीची युक्ती बरी आहे. मग म्हणाली, बदलताना मधल्या दोन क्षणांत काही झालं तर?

दुकानदार म्हणाला, "ताई, आठवडाभर विचार करा."

आठवड्यासाठी मी माझे बड्स तिला दिले. स्वच्छ आवाजाचे. मला खात्री होती, एकदा ऐकल्यावर ती माझ्या बाजूची होईल.

पहिल्या सकाळी तिचा चेहरा बघण्यासारखा होता. नानांच्या पेपरचं पान फाटलेलं आहे, हेही कळतंय म्हणाली. नाना चपलेऐवजी मोजे घालून फिरतायत, तेही कळलं, आणि त्यावरून नानांना दोन शब्द ऐकावे लागले. "तुला कुणी सांगितलं?" नानांनी विचारलं. "तुमच्या पायांनी," ती म्हणाली.  नाना आपल्या पायांकडे बघत विचार करत असावेत.

दुपार झाली. ऊन एवढं होतं की सुतारांनी खिडक्यांना पुठ्ठे लावले होते. ताईचं मशीन मध्येच थांबलं. तिने ओठांतली सुई काढून पिनकुशनमध्ये टोचली. मग कानातला बड काढून माझ्या हातावर ठेवला.

"ऐक बरं. हे काय आहे?"

मी ऐकलं. चमचा कपात फिरत होता. नाना खोकले, कोरडं. खाली कुत्रं तीनदा भुंकलं. आणि या सगळ्यामागे एकसारखा, अगदी स्पष्ट आवाज होता. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा.

मी पुठ्ठा बाजूला करून बाहेर पाहिलं. रस्ता उन्हाने पांढरा झाला होता.

"पाऊस आहे," मी म्हणाले.

"आहे ना?" ती म्हणाली. "माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे."

तिने बड परत कानात घातला. थोडा वेळ थांबली. "पुन्हा चमचा," म्हणाली. "खोकला. आता कुत्रं भुंकेल." तिने बोट वर केलं. एक, दोन, तीन. बोटाने ताल धरल्यासारखी ती मोजत होती. मग तिने रोजच्यासारखं विचारलं, "नाना, गोळी घेतली का?" आणि माझ्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने, तिने काही विचारलं होतं हे विसरून जाण्याइतक्या वेळाने, कानातून आवाज आला असावा. कारण ती त्यांच्यासारखंच बोलली, "हो हो, घेतली."

जुन्या बड्सची खरखर म्हणजे हा पाऊस होता. किती महिने रोज दुपारी तिच्या कानात पडत होता.

जेवणाची सुट्टी झाली. आम्ही निघालो. ती इतकी भराभर चालत होती की मला जवळजवळ पळावं लागलं.  तिच्या इमारतीच्या तळमजल्यावर न्हाव्याचं दुकान आहे. समोर एक टेम्पो उभा होता. तिने माझा दंड धरून मला त्याच्या मागे ओढलं.

दुकानाच्या दारात एक बाकडं होतं. पाठ नसलेलं, अरुंद. त्यावर नाना बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मध्ये बुद्धिबळाचा पट, पलीकडे चष्मा लावलेले एक गृहस्थ. न्हावी एकाची दाढी करता करता वस्तऱ्याने चाली सुचवत होता.

"घोडा हलवा, नाना."

"तू हातातल्या गालाकडे बघ. तो कापलास तर परत येणार नाही. माझा घोडा मेला तर पुढच्या डावात येतो."

दाढीवाल्यासकट सगळे हसले. नाना खोकले. ओलाच होता, मला इतक्या लांबूनही कळलं. पण नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. न्हाव्याने न विचारता पाण्याचा पेला पुढे केला, नानांनी खिशातून गोळी काढली आणि पटावरची नजर न हलवता घेतली.

मला वाटलं, आता ती पुढे जाणार. मी तर मनात वाक्यंही तयार केली होती, दोन्ही बाजूंची.

ती गेली नाही. डाव संपेपर्यंत उभी राहिली. नाना हरले, पट विस्कटून टाकला, उठले. न्हाव्याने वस्तरा ठेवला, हात पुसले आणि त्यांच्या कोपराखाली हात दिला. जिन्याच्या तोंडाशी नाना थांबले. भिंत धरून, पायरी चाचपत, एकेक करून चढू लागले. त्याच वेळी न्हाव्याला टेम्पोमागे आम्ही दिसलो असू. त्याने नानांच्या पाठीमागून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. घाबरलाही नाही.

परत येताना मी म्हणाले, "ताई, संध्याकाळी त्यांना विचारशील ना?"

"काय विचारू? पाऊस थांबला का?"

"अगं, पडले म्हणजे?"

"तिथे पडले तर चारजण धरतील. घरात कोण आहे? मी आहे. कानात."

 मी म्हणाले, मग सरळ सांगून टाक, जा म्हणून. चोरून कशाला?

"परवानगी दिली की धडाधडा उतरतील," ती म्हणाली. "आता पकडले जाऊ म्हणून एकेक पायरी बघून उतरतात. चढताना तू पाहिलंस ना?"

दुसऱ्या दिवशी तिने मला माझे बड्स परत केले. पुसून, डबीत घालून. येताना दुकानातून पहिला जोड घेऊन आली होती. दिवसभर पुरणारा, डब्यातल्या आवाजाचा. मी बघतच राहिले. चांगलं ऐकू येतं म्हणून कुणी वस्तू नाकारल्याचं मी आजवर वाचलंही नव्हतं.

न्हाव्याचा नंबर तिने घेतला आहे. नाना खाली आले आणि परत वर गेले की तो नुसती एक रिंग देतो. चालू फोनशेजारी वाजत राहणाऱ्या नानांच्या जुन्या फोनमध्ये पावसाळ्यातल्या एका दुपारचा आवाज भरून द्यायला त्यानेच मदत केली होती. नानांनी त्याला सांगितलं होतं, हौशी नाटकात काम मिळालंय. नाना अजून त्याच्याकडे लेकीची तक्रार करतात, आणि तो ती मन लावून ऐकतो. बापलेकीत कुणीच कुणाला ताकास तूर लागू देत नाही.

फोन अजूनही सकाळी लागतो आणि संध्याकाळी बंद होतो. दुपारी खरखर सुरू झाली की ताई मशीनचा वेग वाढवते. गोळीचं विचारायचं मात्र सोडलेलं नाही. फक्त आता कुत्र्याचं तिसरं भुंकणं होईपर्यंत थांबते आणि मग विचारते, म्हणजे उत्तर वेळेवर येतं. मी विचारलं, तिकडे ऐकायला कुणी नाही, मग हे कशासाठी? ती म्हणाली, "वाईट दिसतं गं. एवढी मेहनत घेतलीय त्यांनी."

एक काम मात्र अडून राहिलं आहे.

त्या बाकड्यासाठी तिने एक गादी करायला घेतली. उरलेलं मोहरीच्या रंगाचं कापड, चांगलं जाड. माप टेम्पोमागून नजरेने घेतलेलं. तीन बाजू शिवून झाल्या. मग तिच्या लक्षात आलं की नाना टाका ओळखतील. आयुष्यभर त्यांनी शिवणकाम केलं, तिला सुई त्यांनीच हातात दिली. मी म्हणाले, वाकडं शीव. जेवणाच्या सुट्टीत ती वाकडं शिवायला बसली. सुट्टी संपायच्या आत तिनेच ते उसवलं.

"जमत नाही," म्हणाली.

मी म्हणाले, मी शिवते. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग कात्रीकडे, आणि विषय बदलला.

गादी तिच्या मशीनखालच्या खणात आहे. चौथी बाजू उघडी. फोमचे तुकडे शेजारच्या पिशवीत.