लायब्ररी लोड केली की येणारा वास

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून, आणि वाचता वाचता मनात उत्तरं शोधत असतो... उंदीर असेल, वारा असेल, ताप असेल. उभा जन्म प्रोग्रॅम लिहिण्यात गेला. मशीन सांगितलेलंच करतं, चुकतो तो माणूस — यावर माझं पोट चाललं. पण एक गोष्ट अशी घडली, जिचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ती भीतीदायक नाही, किळसवाणी आहे. जेवताना वाचू नका, एवढंच सांगतो.

साल १९८७. बालाघाटला गोंदिया रोडवर एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. संस्थेचं नाव सांगत नाही. तिरोडीच्या बाजूच्या मँगनीजच्या नमुन्यांचे आकडे आमच्याकडे यायचे आणि आम्ही त्यांचे तक्ते करून द्यायचो. खोली लहान, खिडक्यांना काळा कागद, एसी, चपला दाराबाहेर. मशीन एकच, त्याला पडदा-कीबोर्डवाले तीन टर्मिनल जोडलेले, म्हणजे तिघं एकाच वेळी काम करू शकत.

माणसं चार. प्रमुख म्हणजे आमचे साहेब, तिथल्याच जुन्या नोकरदार मराठी घरातले. त्यांच्या हाताखाली मी, काळे. मिश्राजी हे ऑपरेटर. आणि कुंदा भोयर. कटंगीच्या एका धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी, नागपूरहून गणितात एमएस्सी केलेली, आमच्याकडे तात्पुरत्या नेमणुकीवर.

मी फोरट्रानवाला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या जुन्या भाषेत लिहिणारा. माझ्या प्रोग्रॅममध्ये सगळे आकडे एका सामायिक तक्त्यात असायचे. कुणीही यावं, वाचावं, बदलावं. एकटा चालवला तर ठीक. पण दोन टर्मिनलवरून एकदम चालवला की एकाचे आकडे दुसऱ्यात घुसायचे. मग मी कुलपं घातली — एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. तर दोघंही एकमेकांची वाट बघत अडकून पडायचे. यावर चहाच्या वेळी आमची रोज वादावादी व्हायची.

कुंदाने नागपूरच्या एका सीनियरकडून लिस्प नावाच्या भाषेची टेप आणली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्याला, यादी द्यायची, त्याने नवी यादी परत द्यायची. मूळ यादीला हात लावायचा नाही, बाहेरच्या कशालाही शिवायचं नाही. कुणी कुणाला शिवतच नाही म्हटल्यावर दोन काय, दहा कामं एकदम चालू द्या... कुलूप लागतंच कशाला?

मी गमतीने म्हटलं, ही तर सोवळ्यातली फंक्शनं झाली. ती हसली आणि म्हणाली, "आमच्या घरी सोवळं नाही भाऊ. पण मशीनमंदी असू द्या."

वर्षभर खपून तिने त्या फंक्शनांची एक लायब्ररी तयार केली. नमुने गाळणं, जुळवणं, सरासरी काढणं, सगळं त्यात. कुणालाही उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता यावी अशी. नऊ फायली होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव. मी स्वतः ती दोन टर्मिनलवरून तासभर पिळून काढली. एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही.

पावसाळा संपता संपता तिच्या वडिलांना लकवा मारला. ती रजा घेऊन कटंगीला गेली. त्याच सुमारास नागपूरहून काही तज्ज्ञ मंडळी आमचं काम बघायला येणार असं कळलं. एका बुधवारी दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते म्हणाले, जी मुलगी रजेवर आहे, उद्या असेल की नाही सांगता येत नाही, तिचं नाव फायलींवर कशाला? सेंटरच्या प्रमुखाचं घाला, तशीच पद्धत असते. मी म्हटलं, पण लिहिलं तिनेच आहे. त्यावर ते टेबलावरचे कागद नीट लावू लागले. मला कायम करण्याचा कागद त्यांतच होता. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. करावा लागलाच नाही.

चारच्या सुमारास मी नऊही फायली एकेक करून उघडल्या आणि कुंदाचं नाव काढून साहेबांचं टाइप केलं. मशीनवरचं तिचं खातंही काढून टाकलं. तिचा टर्मिनल सुटा करून मिश्राजींनी स्टोअरमध्ये नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लायब्ररी लोड केली आणि मिनिटाभरात वास आला. आधी अगदी पुसट, पिशवीत विसरलेला दुधी भोपळा आतून पाणी सुटून नासतो तसा. मग तो दाट होत गेला. नासलेलं दूध, आणि त्याच्याखाली पोत्यात मरून पडलेला उंदीर. एसीच्या गार हवेत तो वास तोंडात शिरायचा, जिभेवर साय धरल्यासारखा बसायचा. मी काम बंद करून बाहेर आलो. परत गेलो तर काही नाही.

अर्थात उंदीरच म्हटलं मी. मिश्राजींनी आणि मी जमिनीवरच्या फरश्या उचलून केबली तपासल्या, एसीची जाळी काढली, फिनेलने खोली पुसली. काही सापडलं नाही. पुन्हा लायब्ररी लोड केली... पुन्हा तोच वास.

मग मी प्रोग्रॅमर करतो तेच केलं — एकेक गोष्ट वेगळी करून पाहिली. फोरट्रान चालवलं, वास नाही. नुसतं लिस्प, वास नाही. कुंदाची लायब्ररी ओढली की वास. मला भास होत असेल म्हणून मिश्राजींना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि काहीही न सांगता मधूनच लोड करत गेलो. नाकाला रुमाल लावून ते दर वेळी बरोबर सांगायचे, "अब लोड किया ना, काळेजी?" सात वेळा केलं. सातही वेळा बरोबर. आठव्या वेळी त्यांनी हात जोडले.

सोमवारी अजून एक झालं. दोन टर्मिनलवरून लायब्ररी एकदम चालवली तर दोन्ही कामं मधेच थबकली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. हे होणं शक्यच नव्हतं. वाट बघायला लावेल असं काही त्या फायलींत नव्हतंच, सगळी हुशारी तर तीच होती. मशीनवर कोण कोण बसलंय याची यादी मी मागवली. पडद्यावर तीन नावं आली. मी, मिश्राजी, आणि कुंदा... तिसऱ्या टर्मिनलवर. मिश्राजी स्टोअरमध्ये जाऊन बघून आले. टर्मिनल तिथेच होता, त्याची केबल गुंडाळून वर ठेवलेली. मी पुन्हा यादी मागवली, तर दोनच नावं.

साहेबांना सांगितलं. ते आत येऊन उभे राहिले, मी लायब्ररी लोड केली, वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, मला तर काही वास येत नाही. मला वाटलं, मुद्दाम म्हणतायत. पण त्यांनी चांगला खोल श्वास घेऊन दाखवला. त्याच आठवड्यात त्यांनी कुंदाला पत्र धाडलं की सेंटरचं काम पूर्ण झाल्यामुळे तिची नेमणूक पुढे चालू ठेवण्याची गरज उरलेली नाही.

शुक्रवारी दुपारी नागपूरची मंडळी आली. तिघं होते. समोसे, चहा मागवलेला. साहेबांनी सांगितलं, हे माझं वर्षभराचं काम. मी आणि मिश्राजींनी दोन टर्मिनलवरून काम सुरू केलं; या वेळी ते अडकलं नाही. एका पाहुण्याने विचारलं, यात कुलपं कुठेच दिसत नाहीत, मग आकडे मिसळत कसे नाहीत? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं. कुंदाचेच शब्द होते — मूळ यादीला हात लावायचा नाही, बाहेरच्या कशालाही शिवायचं नाही. फक्त तिचं नाव घेतलं नाही.

माझं वाक्य संपायच्या आत वास आला. इतका तोपर्यंत कधीच आला नव्हता. एक पाहुणा उठून बाहेर गेला, दुसऱ्याने रुमाल काढला. मिश्राजी दाराला टेकून ओकाऱ्या दाबत होते. आणि साहेब... साहेब समोसा खात होते. त्यांनी बटाट्याचा मोठा घास घेतला, चटणी ओठाच्या कडेला लागली, ती जिभेने चाटली आणि म्हणाले, "काय झालं सगळ्यांना? घ्या ना, गरम आहेत." त्यांच्या जबड्याची हालचाल बघताना मला आवरलं नाही. कागदाच्या टोपलीत मी ओकलो.

सकाळपासून पोटात फक्त चहा होता. टोपलीत पडलं ते चहासारखं नव्हतं. काळपट, तार धरलेलं, आणि त्यात भाताची शितं. बुरशी लागलेली, एकमेकांना चिकटलेली शितं. मी मंगळवारपासून भात खाल्लाच नव्हता. मिश्राजींनीही ते पाहिलं. आम्ही दोघांनी ती टोपली मागच्या नाल्यात टाकली.

रविवारी बस धरून कटंगीला गेलो. घर विचारत विचारत पोचलो. ओसरीवर खाट होती, खाटेवर तिचे वडील. कुंदा वाळली होती. काढून टाकल्याचं पत्र कोनाड्यात खोचलेलं दिसत होतं. आईने चहा ठेवला आणि बोलता बोलता स्वतःच सांगू लागली.

"पोरीले वासच येत नाही साहेब. धा-बारा दिस झाले. दूध नासलं तरी समजत नाही. परवा शुक्रवारी दुपारी झाकून ठेवलेल्या गंजातला बुरशी आलेला भात खाऊन राह्यली होती, म्या हातातलं ताट वढून घेतलं. तरी तिले काही झालं नाही."

कधीपासून वास येत नाही, मी विचारलं. कुंदा म्हणाली, गेल्याच्या मागच्या बुधवारपासून, दिवस कलायच्या वेळेला. डॉक्टर म्हणतात सर्दी आहे.

मग मी सांगितलं. नऊ फायली, त्यांच्या डोक्यावरचं नाव, नागपूरची माणसं, सगळं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. नोकरी गेली एवढंच कळलं होतं. तिने वडिलांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं,

"नाव तुमीच काढलं?"

"हो."

"कोनी हात धरला होता काय तुमचा?"

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या नाकपुड्या हलल्या. बसल्या जागेवरून ती मागे सरकली, ओढणीचं टोक उचललं आणि नाकाला लावलं. आईने विचारलं, काय झालं वं?

"वास येऊन राह्यला, आई," ती म्हणाली. नजर माझ्यावरच होती.

मी चहा तसाच ठेवून उठलो.

सोमवारी सकाळी नऊही फायलींवर तिचं नाव परत टाकलं आणि नागपूरच्या पाहुण्यांना माझ्या सहीने पत्र लिहिलं. लायब्ररी लोड केली, वास नव्हता. पुन्हा कधीच आला नाही. मला कायम केलं नाही, ते मी धरूनच चाललो होतो. चार महिन्यांनी मी भोपाळला दुसरी नोकरी बघितली. कुंदाला नागपूरहून बोलावणं आलं आणि ती तिकडे रुजू झाली, असं मिश्राजींच्या पत्रातून कळलं. तिने मला कधी पत्र लिहिलं नाही, मीही नाही.

पुढे चांगल्या शिकलेल्या माणसांना हे सांगून पाहिलं. एक म्हणाला, मन खात होतं तुझं, त्याचा वास. असेल. मग मिश्राजींना का आला? त्या पाहुण्यांना का आला? आणि चाळीसेक किलोमीटरवर कुणीतरी खाल्लेला भात माझ्या पोटातून कसा पडला? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

एक सांगायचं राहिलं. त्या रविवारी कटंगीहून परतीची बस खच्चून भरली होती. बाजाराची माणसं, टोपल्या, दाराला लोंबकळणारे. मला खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारची सीट रिकामी होती. वारासिवनीला एक म्हातारी तिच्यावर टेकली, माझ्याकडे वळून बघितलं आणि पदर नाकाला लावून पुन्हा उठली. बालाघाटपर्यंत माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती, पण त्या सीटवर कुणी बसलं नाही.

मला मात्र कसलाच वास येत नव्हता.