जयसिंगरावांची टिकाऊ मशीन

जानेवारीतली सकाळ. रात्रभराचा वारा पहाटे थांबला होता आणि मल्हारगंजच्या गल्लीत धुकं असं ठाण मांडून बसलं होतं की समोरच्या दोऱ्याच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नव्हती. नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवस होता. जयसिंगराव फणसे कानाला मफलर गुंडाळून जिन्याखाली मोटरपाशी उभे होते. मोटर घरघरली, पाणी टाकीत चढायला लागलं, तसे ते वर तोंड करून ओरडले, "वसुंधरा, टाकी भरली की आवाज दे!"

वरून "हो" आलं. थोड्या वेळानं "भरली" आलं. मोटर बंद केली की जयसिंगरावांचं घरातलं सकाळचं काम संपायचं. मग स्वेटरवर कोट चढवायचा आणि पायी पायी बडा गणपतीच्या चौकात. तिथे पोहे, चहा, चार जुने सोबती आणि जगभरच्या गोष्टी. अकरा वाजल्याशिवाय घरी परत नाही. वीज खात्यातून रिटायर झाल्यापासूनचा हा रिवाज. आणि नोकरीत असताना तर ते सकाळीच घर सोडायचे.

सोबत्यांत त्यांचा मान होता तो नोकरीमुळे नाही, कपडे धुवायच्या मशीनमुळे. पुतण्या उन्मेष, त्याच्या बारशाच्या साली जयसिंगरावांनी मशीन घेतली होती. दोन टबवाली, पत्र्याच्या बॉडीची. आता उन्मेषचं लग्न झालं, तरी ती मशीन चालू होती. एक बटण बदललेलं नाही, पट्टा बदललेला नाही. दर दिवाळीला जयसिंगराव स्वतः तिच्यात घरभरचे पडदे धुवायचे आणि "ऐका, आवाज ऐका" म्हणून गल्लीतल्या लोकांना जिन्यात उभं करायचे. त्यामुळे मराठी घरांतून कोणाला मशीन घ्यायची झाली की आधी फणश्यांना विचारायचं, हे ठरूनच गेलं होतं. लोक विचारायचे, जयसिंगराव सांगायचे, लोक तीच घ्यायचे. त्यांच्याकडची ती काही वर्षांत बंद पडली, तर जयसिंगराव म्हणायचे, "मशीनला नावं नका ठेवू. वापरणाऱ्याचे हात बघा."

त्या दिवशी रविवार होता. पोह्यांच्या दुकानापाशी उन्मेष आणि त्याची बायको मिताली मुद्दाम आले होते. दोघांनी नवा फ्लॅट घेतला होता आणि त्याच दिवशी मशीन बुक करायची होती. उन्मेष म्हणाला होता, काकांना न विचारता घेतली तर जन्मभर ऐकावं लागेल.

"काका, मी फ्रंट लोड बघतीये," मिताली म्हणाली. "इन्व्हर्टर मोटर आहे. मोटरची दहा साल वॉरंटी."

"मोटरची दहा साल. और बाकी मशीनची?"

"दोन."

"म्हणजे बाकी मशीन मेली की मोटर काढून देवघरात ठेवायची? रोज आरती करायची तिची?"

सगळे हसले. जयसिंगराव रंगात आले. पोह्यांवर वरून शेव टाकून घेत ते म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगला पाणी बोरिंगचं. भांड्याला कसं पांढरं धरतं बघितलंस ना? तोच क्षार मशीनच्या हीटरवर बसणार. त्यात ते कार्ड, ते सर्किट. लाइट एकदा वर-खाली झाली की गेलं कार्ड. पत्र्याची बॉडी घे, दोन टब घे, हातानं फिरवायची बटणं घे. बिघडायला आत काही असलं तर बिघडेल ना!"

शेजारी संताजी उभे होते, त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ते पोह्यांकडे बघत हळूच म्हणाले, "आमच्या घरी तीच घेतली होती भिया. दोनदा घेतली."

"संताजी, माझं तोंड उघडायला लावू नको. तुझ्या सुनेला मशीन चालवायची अक्कल नाही. मागे तुझ्या घरी चारचौघांत बोललो, वल्लरीच्या तोंडावर बोललो, आजही बोलतो. माझ्या घरी बघ. वसुंधरा काय शिकलेली आहे का मोठी? पण मशीन कशी ठेवलीये!"

उन्मेषनं विषय बदलायला चहा मागवला. पण मिताली हुशार पोरगी, तिनं मुद्दा सोडला नाही.

"काका, मग मला ती चालताना दाखवा ना. सत्तावीस साल जुनी मशीन चालते म्हणजे कमाल आहे. मी व्हिडिओ काढते, आईला पाठवते. ती पण कन्फ्यूज आहे कोणती घ्यावी."

"चला! आत्ताच चला. संताजी, तू पण चल. बघ आणि शीक."

अकराच्या आत जयसिंगराव घराकडे निघाले. मिताली गल्लीच्या तोंडापासूनच फोन धरून चालत होती. जिन्यात पाय ठेवला तर वरून आवाज येत होता. थप्प, थप्प, थप्प. ओल्या कपड्यावर लाकडी मोगरी बडवल्याचा.

"हे बघा, शेजारचे," जयसिंगराव जिना चढत म्हणाले. "अजून बडवतायत. काय बोलावं या लोकांना!"

स्वयंपाकघरामागे मोरी होती. दार उघडंच होतं. वसुंधराबाई पाटावर बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पुढ्यात दगड, दगडावर जयसिंगरावांची पँट. थंड पाण्यानं हात कोपरापर्यंत लाल झालेले. एका बाजूला बादल्या, पिळलेल्या कपड्यांचे पिळे, आणि दोन हातांवर मशीन. तिच्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल, पुढच्या पत्र्यावर दसऱ्याचं हळदीकुंकवाचं स्वस्तिक.

मोगरी अर्ध्यात थांबली. बाईंनी दारातली माणसं बघितली, मितालीच्या हातातला फोन बघितला, आणि पटकन उठून पदर नीट केला.

"अगं, आज हातानं का धुतेस?" जयसिंगराव म्हणाले.

वसुंधराबाईंनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लाइट गेली होती ना. म्हटलं, कशाला थांबा."

त्यांच्या डोक्यावर बल्ब जळत होता. धुक्याचा दिवस म्हणून सकाळपासून लावलेला. तो सगळ्यांना दिसला, पण कोणी वर बघितलं नाही. मितालीनं फोन खाली केला.

"आली असेल आत्ताच," उन्मेष म्हणाला.

जयसिंगराव पुढे झाले. रुमाल उचलला, झाकण उघडलं. "ये मिताली, बघ. आतून बघ." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जरा मोठाच.

मितालीनं वाकून बघितलं. टब पांढराशुभ्र होता. धाग्यांचा कचरा धरायची जाळीची पिशवी आत लटकत होती, घडीची रेघसुद्धा न मोडलेली. मशीन इतकी वर्षं टिकली कशी, हे शिकून घ्यावं असं तिला मनापासून वाटत होतं, म्हणून तिनं विचारलं, "काकी, एकदम नवी आहे ही. तुम्ही रोज एका वेळी किती कपडे टाकता?"

"रोज नाही बाई टाकत," वसुंधराबाई बोलून गेल्या. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे... दिवाळीला पडदे धुतात हे. रोजचं मी हातानंच."

"रोजचं? सगळं?"

"दोन माणसांचं असं किती असतं गं? आधी आमची पोरगी उर्वी होती, सासूबाई होत्या, तेव्हा असायचं जरा."

"पण का काकी? मशीन असून?"

वसुंधराबाई हसल्या. एखादी जुनी गंमत सांगावी तशा. "नवी आली ना ही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंच्या चोळीचा हूक अडकला आत. मशीन कुरकुर करायला लागली. हे आले, बघितलं, आणि मग जे काही बोलले! नणंदा होत्या घरात, सगळे होते. म्हणाले, तुझ्या बापाच्या घरी बघितली होती का मशीन? पुन्हा हात लावशील तर बघ. मी म्हटलं, जाऊ दे. उद्या खरंच बिघडली तर बोलणी कोणी खायची? त्यापेक्षा आपले हात बरे."

जयसिंगरावांना ते काही आठवेना. आठवलं असतं तर बरं झालं असतं, निदान काही म्हणता आलं असतं. आपण असं बोललो नाही, असंही म्हणता येईना, कारण वाक्य त्यांचंच होतं, शब्द न शब्द त्यांच्या ढंगाचा. कान तापले. मफलर काढावा असं वाटलं, पण हात वर जाईना.

संताजी दाराला टेकून उभे होते. ते फार सावकाश म्हणाले, "म्हणजे भिया, आमच्या वल्लरीनं मशीन वापरली, हाच तिचा गुन्हा."

आणि ते जिना उतरून गेले. रागानं गेले असते तर जयसिंगरावांनी हाक मारून दोन शब्द परत केले असते. पण संताजी पायऱ्यांवर जपून, कठड्याला धरून उतरत होते, रोजच्यासारखे.

उन्मेष म्हणाला, "काका, आम्ही पण निघतो. दुकानवाला वाट बघेल."

मिताली गोंधळली होती. आपण काहीतरी मोडलं, हे तिला कळत होतं. सावरायला म्हणून ती म्हणाली, "काका, मग कोणती घेऊ? तुम्ही सांगाल ती घेते."

"मला नाही माहीत बेटा," ते म्हणाले. "तू... तू बघितली आहेस ना, तीच घे."

"फ्रंट लोड?"

"मला खरंच माहीत नाही गं."

वसुंधराबाई म्हणाल्या, "अरे, चहा तरी घ्या." पण ती दोघं पाया पडून निघून गेली. जिन्यात मितालीचा आवाज आला, "मी काय चुकीचं विचारलं?" उन्मेषनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

घरात दोघंच राहिली. वसुंधराबाईंनी मशीनचं झाकण लावलं, रुमाल सारखा केला आणि पुन्हा पाटावर बसल्या.

"उर्वीला माहीत होतं?" जयसिंगरावांनी विचारलं.

"तिला कसं नाही माहीत? तिच्या शाळेचे मोजे तीच धुवायची माझ्याशेजारी बसून."

"आईला?"

"त्यांच्यासमोरच तर बोलला होतात."

"म्हणजे सगळ्या घराला माहीत होतं. मी एवढी वर्षं बाजारभर सांगत फिरतो आणि एकानं मला..."

"काय सांगायचं?" त्यांनी पँट उलटली. "लोक तुम्हाला विचारायला येत होते. तुमचं नाव होतं. मी मध्येच कशाला बोलू? बल्बचं तेवढं लक्षात नाही आलं माझ्या, नाहीतर आजही निभलं असतं."

हे ऐकून जयसिंगरावांना तिथे उभं राहवेना आणि जावंसंही वाटेना. तिनं तक्रार केली असती, रडली असती, तर त्यांनी आवाज चढवला असता आणि दुपारपर्यंत सगळं मिटलं असतं. पण ती तर बल्ब लावला म्हणून स्वतःला दोष देत होती.

"ऊठ," ते म्हणाले. "ठेव ती मोगरी. मशीनमध्ये टाक सगळं. मी दाखवतो."

"आता नको. संपत आलंय."

"अगं, बटण फिरव फक्त. ये इकडे."

त्या उठल्या. आधी पदराला हात कोरडे केले, दोन्ही बाजूंनी, नीट. मग बटणाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"बिघडली तर?"

"बिघडू दे."

"असं कसं बिघडू दे? इतकी सांभाळली." त्या खरंच नाराज झाल्या. "नाही हो. मला नाही जमायचं. तुमचे दिवाळीचे पडदे तुम्ही धुवा त्यात. सरका, पाणी थंड व्हायला लागलं."

पाणी मुळातच थंड होतं. जयसिंगरावांनी बादलीत बोटं घातली आणि काढून घेतली.

ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. गल्लीतून कोणीतरी "फणसे साहेब!" म्हणून हाक मारली, तेव्हा ते खिडकीतून मागे सरकले. एवढ्यात कोणाला कळलं असेल? संताजी कोणाला सांगणार नाही, सांगायचा त्याचा स्वभाव नाही. पण संध्याकाळी घरी जाऊन सुनेला सांगेल. सांगायलाच हवं. दोन्ही वेळा मशीन बंद पडून ते बोलले, तेव्हा वल्लरी मान खाली घालून उभी होती, हातात चहाचा ट्रे. "काका, मी तर पुस्तकात लिहिलंय तसंच करते," एवढंच म्हणाली होती. ते मात्र त्यांना स्वच्छ आठवत होतं. तिच्याकडे जावं लागेल. काय म्हणायचं ते सुचेना. मनात दोन-तीन वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्यात ते स्वतःच शहाणे ठरत होते.

मोगरीचा आवाज थांबला. वसुंधराबाई बादली घेऊन गच्चीच्या जिन्याकडे निघाल्या होत्या. बादली भरलेली, एका अंगाला झुकून चालत होत्या. जयसिंगराव उठले आणि त्यांनी बादलीची कडी धरली.

"अहो, राहू द्या. रोजचंच आहे."

त्यांनी सोडली नाही. बादली त्यांना वाटली त्यापेक्षा जड होती, अर्ध्या जिन्यात हात बदलावा लागला.

गच्चीवर धुकं विरत होतं. पलीकडच्या गच्चीत कोणी बघतंय का, हे त्यांनी आधी बघितलं. आपण आधी तेच बघितलं, हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग वसुंधराबाईंनी चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं.

"पिळा."

ते पिळायला लागले. चादर नुसतीच गोल फिरायला लागली.

"मी ज्या बाजूला फिरवते त्याच बाजूला तुम्ही पण फिरवताय. उलटं फिरवा."

त्यांनी उलटं फिरवलं. पाणी त्यांच्या चपलांवर पडलं. चादर तारेवर गेली, तिला चिमटे लागले. बादलीत अजून बरेच कपडे होते. जयसिंगरावांनी वाकून वरचा शर्ट उचलला, झटकला आणि तारेवर टाकला.